सनई, क्रमांक ११२

१९९१ साली जगातल्या वाद्यनिर्मात्यांनी मिळून १२८ वाद्यांची एक यादी पक्की केली. ‘जनरल मिडी’ हे तिचं नाव. पहिल्या क्रमांकावर पियानो, शेवटच्या क्रमांकावर बंदुकीचा बार. या दोहोंच्या मधे १०५ व्या जागी सतार बसवली आहे आणि ११२ व्या जागी सनई. आपल्याकडची म्हणता येतील अशी वाद्यं एवढीच. तबला नाही, पखवाज नाही, ढोलकी नाही, संबळ नाही. पेटीच्या नात्यातलं रीड ऑर्गन २१ व्या जागी आहे, तेवढ्यावर समाधान मानायचं. टेलिफोनच्या घंटीला मात्र १२५ वा क्रमांक मिळाला आणि हेलिकॉप्टरला १२६ वा. यादी करणाऱ्यांच्या कानांवर रोज काय पडत होतं, ते यावरून कळतं.

ही यादी संगणकासाठीही होती, आणि संगणकावर तिचा सर्वांत जास्त उपयोग केला तो खेळांनी. त्या काळी खेळ फ्लॉपीवर यायचे. एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावायचे, त्यात ध्वनिमुद्रित संगीत भरणं अशक्य. म्हणून संगीतकार फक्त सूचना लिहून ठेवायचा: अमुक क्षणी ११२ क्रमांकाच्या वाद्यावर षड्ज लाव, इतक्या जोरानं, इतक्या वेळानं सोड. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या वरातीत बँडवाल्याला गाण्याचं नाव सांगावं आणि त्यानं ते आपल्याजवळच्या क्लॅरिनेट-ट्रंपेटवर वाजवावं, तसा हा व्यवहार. सनई कशी वाजेल हे फाइलीत नसायचंच. ते ठरायचं संगणकात खोचलेल्या साउंड कार्डावर. एकाच खेळाचं एकच गाणं एका कार्डावर खेळण्यातल्या पिपाणीसारखं आणि दुसऱ्यावर भरल्या वाद्यवृंदासारखं वाजायचं.

आज जुनी ४८६ आणि पेंटियम यंत्रं भंगारातून उचलून पुन्हा उभी करणारी मंडळी जगभर आहेत, महाराष्ट्रातही आहेत. त्यांच्यापुढचा पहिला वादाचा प्रश्न असतो तो हाच: कार्ड कोणतं घालायचं? त्याचं उत्तर बहुतेक वेळा अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या आठवणींवरून दिलं जातं. पांढरकवड्याच्या केळापूर तालुक्यातल्या माणसानं ते जसंच्या तसं का घ्यावं, हे मला कळत नाही. आपल्याकडे संगणकाला आवाज कसा फुटला, त्याची हकीकत वेगळी आहे.

तिची एक सुरुवात पुण्यात होते. तिथल्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं १९८६ मध्ये ब्रिटिश सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक परवाना घेऊन भारतात आणला. ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावानं तो विकला गेला. ४८ किलोबाइट स्मृती, घरच्या टीव्हीला जोडायचा, आणि खेळ चढवायचे ते साध्या कॅसेट टेपरेकॉर्डरवरून. म्हणजे या यंत्राचा पहिला आवाज त्याच्या स्पीकरमधून यायचाच नाही, तो यायचा कॅसेटमधून: चार-पाच मिनिटं चालणारी कर्कश किरकिर, जिच्यात अख्खा खेळ भरलेला असे. टेपरेकॉर्डरचं हेड जरा सरकलेलं असलं की पुन्हा पहिल्यापासून. खुद्द संगणकाचा आवाज एका वेळी एकच सूर काढणारा, स्पीकरला फक्त चालू-बंद करून निघणारा. तरीही हुशार प्रोग्रामर त्या एका सुरातून दोन सुरांचा भास निर्माण करत.

त्याआधी, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून देशातल्या सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले होते. त्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ध्वनी-चिप होती: तीन सूर एकदम, शिवाय एक खरखरीचा मार्ग, ज्यातून तालाचे ठोके काढता येत. बेसिक भाषेत प्रत्येक सुरासाठी एक आज्ञा लिहिली की तीन सुरांचा मेळ वाजायचा. पुढे शाळांतून आणि संगणक वर्गांतून हे यंत्र गेलं आणि आयबीएम पीसीच्या नकला आल्या. धंद्याच्या दृष्टीनं पीसी कितीतरी मोठा. पण आवाजाच्या बाबतीत आपण तीन सुरांवरून एका सुरावर घसरलो. १९८१ मध्ये आयबीएमनं पीसी काढला तो हिशेबनीस आणि टंकलेखक यांच्यासाठी. चूक झाली तर टुक करून कळवायला त्यात सव्वादोन इंची स्पीकर दिला होता. तोही घड्याळाच्या चिपनं चालायचा, ध्वनीच्या नव्हे.

संगणक वर्गाच्या दाराबाहेर चपला काढून, वातानुकूलित खोलीत मोनोक्रोम पडद्यासमोर बसलेल्या मराठी मुलांच्या एका पिढीनं खेळ ऐकले ते या टुकटुकीत. पॅराट्रूपर, डिगर, डेंजरस डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया. यातला शेवटचा खेळ मजेदार आहे. जॉर्डन मेकनरनं तो लिहिला आणि संगीत दिलं त्याच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी. पीसीवर तो १९९० मध्ये आला तेव्हा अॅडलिब, साउंड ब्लास्टर आणि रोलंड अशा त्या काळच्या सगळ्या कार्डांसाठी त्यात सोय होती. आपण मात्र वडिलांची ती चाल स्पीकरच्या चिवचिवीत ऐकली आणि तेच मूळ समजलो. कार्डच नव्हतं, तर तक्रार कशाची करणार!

कार्ड कुठून आलं, हे सांगायला थोडं मागं जायला हवं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये असं आढळलं, की एका लहरीनं दुसऱ्या लहरीची कंपनं वेगानं हलवली तर घंटेपासून पितळी वाद्यांपर्यंत नाना तऱ्हेचे स्वर अगदी थोड्या हिशेबात निघतात. हेच एफएम संश्लेषण. अमेरिकी कंपन्यांनी नाकारलेली ही कल्पना जपानच्या यामाहानं घेतली आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ हा कीबोर्ड काढला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यमेळ्यात दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका तारेनं जोडून दाखवले गेले: सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६. एकावर बोट ठेवलं की दुसरा वाजे. ही जोडणी म्हणजे मिडी. पाच टाचण्यांची तार, सेकंदाला ३१,२५० बिट, सोळा मार्ग. डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी ती पुढाकार घेऊन घडवली, आणि तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळाली.

मुंबईला रोलंडची ओळख याआधीच झाली होती. हिंदी चित्रपटांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडचीच तीन यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीनं त्याची तबकडी काढली. मिडी अजून यायचं होतं. ती तबकडी त्या वेळी कुणी फारशी विचारली नाही. २०१० च्या सुमारास पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चकित झाले, कारण शिकागोच्या ज्या नृत्यसंगीतानं पुढे जग गाजवलं त्याचा आवाज मुंबईत पाच वर्षं आधीच निघाला होता. मिडी आल्यावर मात्र मुंबईच्या स्टुडिओंत वेगळंच घडलं. नव्वदच्या दशकात एका कीबोर्डवाल्यानं व्हायोलिनच्या ओळीच्या ओळी घरी बसवल्या. ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ या २००८ च्या पुस्तकात या वादकांच्या तोंडून तो काळ आला आहे.

संगणकाकडे वळू. १९८७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक शहरात मार्टिन प्रेव्हेल या संगीताच्या माजी प्राध्यापकांनी यामाहाची एफएम चिप एका कार्डावर बसवली. नऊ सूर. कार्डाचं नाव अॅडलिब. त्याच वर्षी रोलंडनं एमटी-३२ ही पेटी काढली, जिच्यात एफएमपेक्षा कितीतरी खरे वाटणारे स्वर होते. किंमत ६९५ डॉलर; तेव्हाच्या दरानं नऊ हजार रुपयांच्या घरात, आणि आयात कर वेगळाच. १९८८ मध्ये सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट ४’ला विल्यम गोल्डस्टीन यांनी वाद्यवृंदासारखं संगीत दिलं, आणि लोकांना पहिल्यांदा कळलं की खेळासाठी कार्ड विकत घ्यावं लागतं. अॅडलिब गरिबाचं, रोलंड श्रीमंताचं, अशी वाटणी तेव्हापासून पडली. पण ही गरिबी अमेरिकेतली. आपल्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं.

आणि मग सिंगापूर. सिम वाँग हू हा पॉलिटेक्निकमध्ये हार्मोनिका वाजवणारा तरुण. १९८१ मध्ये त्यानं क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी सुरू केली, एका बाजारपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानातून. त्याचं सुरुवातीचं मोठं उत्पादन होतं क्युबिक सीटी हा संगणक: चिनी लिपी दाखवणारा आणि बोलणारा. तो चालला नाही. चिनी अक्षरांची बाजू सोडून आवाजाची तेवढी त्यानं वेगळी काढली, १९८७ मध्ये स्वतंत्र कार्ड केलं, आणि १९८९ मध्ये त्यातून साउंड ब्लास्टर आलं. त्याची चलाखी अशी की त्यात अॅडलिबचीच यामाहा चिप होती, म्हणजे अॅडलिबचे सगळे खेळ त्यावर वाजत. शिवाय माणसाचा आवाज, बंदुकीचा आवाज वाजवता येई. आणि जॉयस्टिकचं भोक फुकट. जॉयस्टिकसाठी लोक वेगळं कार्ड घेत, ते वाचलं, एक स्लॉट मोकळा झाला. १ मे १९९२ रोजी अॅडलिबचं दिवाळं वाजलं. सिम वाँग हू २०२३ च्या जानेवारीत वारले.

मला या गोष्टीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते क्युबिक सीटी. कारण लिपी आणि आवाज या दोन्ही गोष्टी मूळ पीसीत नव्हत्या. इंग्रजी सोडून दुसरं काही लिहायचं असेल, किंवा टुक सोडून दुसरं काही ऐकायचं असेल, तर मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये काहीतरी खोचावंच लागे. सिंगापूरनं आवाज निवडला. आपल्याकडे त्याच स्लॉटमध्ये काय गेलं?

देवनागरी गेली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्यात आलं, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅकमध्ये. त्याचं नाव जिस्ट. जिस्ट कार्ड पीसीच्या पोटात बसवलं की डॉसवर चालणारे तयार प्रोग्रॅम, डीबेस असो की वर्डस्टार, मराठीत दाखवू लागत. प्रोग्रॅमला कळायचंही नाही की पडद्यावर इंग्रजी नाही. सीडॅकचं नाव परम महासंगणकामुळे गाजलं, आणि गाजावंच. पण तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाशी ज्याचा संबंध येऊ शकत होता ते जिस्ट. भूमिअभिलेख संगणकावर घेण्याचा केंद्राचा पहिला प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत झाला, त्यांत यवतमाळला लागून असलेला वर्धा होता. सातबारा इंग्रजीत लिहून चालणार नव्हता.

जिस्टची संकेतप्रणाली इस्की म्हणून भारतीय मानक झाली तेही १९९१ मध्येच, जनरल मिडीच्याच वर्षी. दोन्हींची रचना पाहिली की गंमत वाटते. इस्कीत बाइटचा सर्वांत वरचा बिट शून्य असेल तर इंग्रजी अक्षर, एक असेल तर भारतीय. मिडीत वरचा बिट एक असेल तर आज्ञा, शून्य असेल तर तिच्यामागचा आकडा. दोन्हींत ध्वनीचं किंवा अक्षराचं रूप नसतं, फक्त क्रमांक असतो. रूप कार्डानं द्यायचं. इस्की करणाऱ्यांनी ब्राह्मीतून निघालेल्या आपल्या लिप्यांना एका तक्त्यात जागा दिली. मिडीच्या तक्त्यात मात्र आपल्याला दोन खुर्च्या.

त्या दोन खुर्च्यांवरही बसणं सोपं नाही. सतारीला मींड हवी. मिडीत स्वर वाकवण्याची सोय आहे, चांगली १६,३८४ पायऱ्यांची, पण ती अख्ख्या मार्गाला एकदम लागते. एक तार ओढली की त्या मार्गावरचं सगळंच ओढलं जातं, चिकाऱ्यासुद्धा. म्हणून सतार बसवायची तर मुख्य तारेला एक मार्ग, चिकाऱ्यांना दुसरा. शिवाय ठरलेली ओढ वरखाली दोन अर्धस्वरांचीच. मोठ्या मींडेसाठी ती आधी वाढवून घ्यावी लागते. ज्यांनी कुणी नव्वदच्या दशकात कीबोर्डावर सनई ‘वाजवली’, त्यांची सनई पायऱ्या चढल्यासारखी का वाटते, याचं कारण बहुधा हे: त्यांनी वाकवणीच्या चाकाला हातच लावलेला नसतो.

आता बाजार. १९९१ पूर्वी परदेशी कार्ड आणणं म्हणजे आखातातला किंवा अमेरिकेतला नातेवाईक गाठणं. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्काचा कमाल दर १५० टक्क्यांवर खाली आणला गेला. खाली आणला तो दीडशेवर, हे लक्षात घ्या. मग १९९२ मध्ये ११०, १९९३ मध्ये ८५, १९९४ मध्ये ६५, १९९५ मध्ये ५० टक्के. कार्ड आपल्याकडे कधी परवडू लागलं, याचं उत्तर या उतरत्या आकड्यांत आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात ते सापडणार नाही. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत या मालावरचं शुल्क शून्यावर आलं, पण तोवर खेळ संपला होता.

मुंबईत हा माल लॅमिंग्टन रोडवर मिळायचा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात लॅमिंग्टन रोड. नागपूर, तिथून पुढे यवतमाळ, असा तो उतरत जायचा. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या पांढरकवड्याला, केळापूर तालुक्याच्या ठिकाणाला, त्यासाठी दीडशे किलोमीटर उत्तरेला जावं लागे; दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, पण तेही काही संगणकांचं माहेर नव्हे. कार्ड सुटं कुणी मागायचं नाही. ‘मल्टिमीडिया किट’ मिळायचं: सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि ज्यांच्या खोक्यावर शेकडो वॅट ‘पीएमपीओ’ छापलेलं असे असे दोन हलके प्लॅस्टिकचे स्पीकर. त्या पीएमपीओ वॅटांचा विजेशी कधी संबंध आला असेल असं मला वाटत नाही.

किटमधलं कार्ड क्वचितच क्रिएटिव्हचं असायचं. असायचं ते ईएसएस कंपनीच्या १८६८ चिपचं, क्रिस्टलचं, किंवा यामाहाच्या ७१८-७१९ चिपचं, तैवानमध्ये किंवा चीनमध्ये जुळवलेलं, नाव नसलेलं. दुकानदार त्याला ‘साउंड ब्लास्टर कंपॅटिबल’ म्हणायचा. मग ते चालवणं. डॉसमध्ये प्रत्येक कार्डाला पत्ता, आयआरक्यू आणि डीएमए असे तीन आकडे लागतात, आणि ते खेळाला कळवावे लागतात. सुरुवातीच्या साउंड ब्लास्टरचा ठरलेला आयआरक्यू सात होता, आणि तोच प्रिंटरच्या पोर्टाचाही. आपल्याकडे प्रिंटरच्या पोर्टावर तशीही गर्दी: डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि मधे श्रीलिपीसारख्या मराठी सॉफ्टवेअरचं कुलूप, जे लावल्याशिवाय मराठी उमटायची नाही. डीटीपीच्या दुकानात दुपारी पत्रिका आणि रात्री डूम, अशी यंत्रं जिथे होती तिथे कार्डाचा आयआरक्यू पाचवर ठेवायचा की सातवर हा निर्णय रोजीरोटीचा असे.

डूम १९९३ च्या डिसेंबरात आला. बॉबी प्रिन्स यांनी त्याचं संगीत रोलंडच्या एससी-५५ या पेटीवर रचलं, जनरल मिडी यादी जिनं पहिल्यांदा बाजारात आणली ती ही पेटी. ज्यांच्याकडे साधं कार्ड होतं त्यांना तेच संगीत यामाहाच्या ओपीएल-३ सारख्या एफएम चिपवर ऐकू येई, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांत डूमची गिटार म्हणजे तोच धातूचा गुरगुराट आहे. क्रिएटिव्हनं १९९४ मध्ये एडब्ल्यूई-३२ काढलं, ज्यात खऱ्या वाद्यांचे नमुने होते आणि स्वतःचे नमुने भरायला रॅमची जागा. म्हणजे कुणाला वाटलं तर तबल्याचे बोल ध्वनिमुद्रित करून यादीतल्या हेलिकॉप्टरच्या जागी बसवता येत होते. कॅनडाच्या ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंडमध्ये ही युक्ती १९९२ पासूनच होती. यामाहानं १९९४ मध्ये आपली वाढीव यादी आणली, एक्सजी नावाची, तिच्यात सतारीच्या पोटात तंबोरा आला. उशिरा आला, पण आला.

हे सगळं टिकलं किती? १९८८ ते १९९६, फार तर आठ वर्षं. सीडी आली आणि खेळाचं संगीत ध्वनिमुद्रित झालं. १९९६ च्या क्वेकमध्ये ते थेट सीडीवरच होतं. १९९७ मध्ये इंटेलनं एसी-९७ हे मानक आणलं, साउंडची चिप मदरबोर्डावरच बसली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ही कार्डं ज्यात बसायची तो आयएसए स्लॉट नव्या बोर्डांवरून नाहीसा झाला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचला तेव्हा वर्गातल्या संगणकात वेगळं साउंड कार्ड नसायचंच. विदर्भातल्या तालुक्यांत बहुतेकांनी संगणक पहिल्यांदा हाताळला तो तेव्हा. मिडी त्यांना भेटलं ते खिशात: नोकियाचा ३५१० हा मोबाइल २००२ मध्ये आला, आणि पॉलिफोनिक रिंगटोनच्या रूपानं मिडीच्या सूचना एसटीच्या गाडीत वाजू लागल्या. त्या काळच्या अनेक फोनांत यामाहाचीच छोटी एफएम चिप होती. चाउनिंग यांचा शोध असा पस्तीस-चाळीस वर्षांनी कापसाच्या बांधावर येऊन पोहोचला.

आता जुना संगणक जुळवणाऱ्यानं कार्ड कोणतं घ्यावं? परदेशी शौकीन सांगतील: रोलंड एमटी-३२ आणि एससी-५५ दोन्ही घ्या, शिवाय खरं साउंड ब्लास्टर. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. एक तर त्यांच्या किमती आता संग्राहकांनी वर नेल्या आहेत. दुसरं, खरं साउंड ब्लास्टर हे सर्वांत चांगलं कार्ड नाहीच. साउंड ब्लास्टर १६ जुन्या साउंड ब्लास्टर प्रोसाठी लिहिलेला स्टीरिओ आवाज एकाच बाजूचा करून वाजवतं. त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत मिडीचा सूर मधेच अडकून वाजत राहण्याचा दोष आहे. नंतरच्या स्वस्त आवृत्त्यांत तर यामाहाची चिप काढून क्रिएटिव्हनं स्वतःची नक्कल घातली, आणि एफएमचा आवाज बिघडला. उलट ज्याला आपण ‘लोकल’ म्हणून नाक मुरडलं त्या यामाहा ७१८-७१९ च्या कार्डावर अस्सल ओपीएल-३ आहे, साउंड ब्लास्टर प्रोचा स्टीरिओ नीट वाजतो आणि खरखरही कमी. ईएसएस १८६८ ची एफएम स्वतःची असली तरी ओपीएल-३ च्या इतकी जवळची की बहुतेक खेळांत फरक कळत नाही.

म्हणजे १९९५ ते १९९८ मध्ये पैशांअभावी आपल्या वाट्याला आलेलं कार्डच डॉसच्या खेळांसाठी आज पहिली पसंती ठरतं. १९८८ आधीच्या खेळांना पीसीचा स्पीकर पुरे, तो काढून टाकू नका. १९८८ ते ९२ च्या सिएरा वगैरेंच्या खेळांत रोलंड ऐकायचंच असेल तर आजच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स आणि मुंट या प्रोग्रॅमांनी एमटी-३२ हुबेहूब वाजते, त्यासाठी पेटी नको, तिच्या मूळ रॉमची प्रत मात्र लागते. जनरल मिडीचे खेळ फ्लुइडसिंथ आणि एखाद्या साउंडफॉन्टवर ऐका. पीसीआय स्लॉटचं कार्ड मात्र फक्त डॉससाठी घेऊ नका. जुन्या खेळांना ते आयएसए असल्याचं सोंग करतं आणि अनेकदा सोंग उघडं पडतं.

खरा प्रश्न कार्ड मिळण्याचा आहे. आयएसए कार्डं आता कुणी बनवत नाही असं म्हणता येणार नाही, रास्पबेरी पायच्या पिको चिपवर बेतलेलं पिकोगस हे कार्ड हौशी लोक बनवतात आणि ते ग्रॅव्हिस, अॅडलिब, साउंड ब्लास्टर अशी अनेक सोंगं वठवतं. पण नव्वदच्या दशकातली मूळ कार्डं शाळांच्या, सोसायट्यांच्या आणि बंद पडलेल्या संगणक वर्गांच्या कपाटांत पडून आहेत, आणि ई-कचऱ्याच्या गाडीत वजनावर जात आहेत. त्यांच्याबरोबर जिस्ट कार्डंही जात असतील. अॅडलिबचं पहिलं कार्ड जगातल्या अनेक संग्रहांत जपलेलं आहे, त्याचे फोटो, त्याचे आराखडे, सगळं सापडतं. पुण्यात घडलेल्या, मराठीला पीसीवर आणणाऱ्या कार्डाची तशी नोंद ठेवणं हे सिंगापूरच्या किंवा क्वेबेकच्या माणसाचं काम नाही.

म्हणून केळापूर, वणी, घाटंजी, राळेगाव, जिथे कुठे तुम्ही असाल तिथल्या शाळेनं किंवा पतसंस्थेनं जुने संगणक मोडीत काढायचं ठरवलं असेल, तर कॅबिनेट जाण्याआधी एकदा उघडून पाहा. मदरबोर्डावर पिंपासारखी निळी बॅटरी दिसली तर ती प्रथम कापून काढा. ती फुटून गळते आणि बोर्ड खाते. मग लांब काळ्या स्लॉटांत काय खोचलं आहे ते बघा. ज्या कार्डावर यामाहा, ईएसएस किंवा सीडॅक ही नावं असतील ते कागदात गुंडाळून बाजूला ठेवा, मागेपुढे फोटो काढा आणि ते यंत्र कुठे, कशासाठी वापरलं जायचं ते दोन ओळींत लिहून त्याच पाकिटात घाला.